वाचक विचारतात : जुन्या मोटरसायकलची बॅटरी जागेवर कशी राहील?

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत बॅटरीच्या तक्रारी सर्वांत जास्त होत्या. जवळपास प्रत्येक पत्रात बॅटरी खराब निघाल्याचा राग आहे, पण वर्णन वाचल्यावर दोष बहुतेक ठिकाणी तिच्या बसवणीत दिसतो. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

प्रश्न : माझी बुलेट ३५० जुन्या कास्ट आयर्न इंजिनची आहे, वायरिंग १२ व्होल्टचं. पूर्वी पाण्याची बॅटरी होती, माप १२० × ६० × १३० मि.मी. आता सीलबंद बॅटरी घेतली आहे, तिचं माप ११४ × ७१ × १०६. डब्याचं आतलं माप १२६ × ७८ भरतं. मूळ पट्टा वर सैल राहतो, म्हणून सायकलच्या ट्यूबने बांधली आहे. पसरणी घाट उतरताना डब्यातून खडखड येते आणि बॅटऱ्या टिकत नाहीत. — वाचक, वाई

उत्तर : दुखणं तुमच्याच मापांत दिसतंय. नवी बॅटरी उंचीला २४ मि.मी. कमी आहे आणि पट्टा जुन्या उंचीसाठी बेतलेला आहे. ती पोकळी ट्यूबने भरत नाही. ट्यूब ताणणारी वस्तू आहे. चाक खड्ड्यात आदळलं की ट्यूब ताणते, बॅटरी उचलली जाते आणि परत येऊन पत्र्यावर आपटते. पुढे ट्यूब उन्हाने सैल पडते, डब्याच्या कडेवर कापतही जाते.

एका सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला ५० हिसके देतं, म्हणजे तासाला १,८०,०००. पाण्याच्या बॅटरीत या हिसक्यांनी प्लेटांवरचा लेप सुटतो आणि तळाशी गाळ साचतो. गाळ प्लेटांच्या खालच्या कडेला टेकला की तो सेल आतल्या आत शॉर्ट होतो. मग कितीही चार्ज केलं तरी १२ व्होल्टची बॅटरी साडेदहाच्या आसपास अडकते, ६ व्होल्टची सव्वाचारच्या. सीलबंद बॅटरीत प्लेटांमध्ये काचतंतूंची चटई दाबून भरलेली असते, त्यामुळे लेप कमी सुटतो. पण सेल जोडणारे शिशाचे सांधे आणि टर्मिनलची मुळं तिथेही तडकतात. अशी बॅटरी मीटरवर १२.६ दाखवते आणि हेडलाइट लावताच आकडा कोसळतो.

बॅटरी धरून ठेवायची ती तळाने आणि चारी बाजूंनी. वरच्या पट्ट्याचं काम तिला उठू न देणं एवढंच. हे ध्यानात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

काढताना आधी चेसिसला गेलेली वायर सोडा, कारण दुसरी वायर सोडताना पाना चुकून चेसिसला लागला तरी मग ठिणगी पडत नाही. जोडताना हीच वायर शेवटी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ती निगेटिव्ह असते, पण जुन्या बीएसए, ट्रायम्फ, मॅचलेससारख्या इंग्लिश गाड्यांत चेसिसला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. वायरच्या रंगावर विसंबू नका, वायर कुठे जाते ते बघा. उलटी जोडलेली बॅटरी रेक्टिफायर, म्हणजे चार्जिंगची वीज एकाच दिशेने वळवणारा भाग, जाळते.

डबा रिकामा झाला की अर्धा लिटर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून आतून धुवा. फेस येतोय तोवर ॲसिड शिल्लक आहे. साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा, गंज पॉलिश पेपरने काढा, रेड ऑक्साइड आणि त्यावर एपॉक्सी रंगाचे दोन हात द्या. तळाचं पाणी जाण्याचं भोक मोकळं आहे ना, तेही पाहा.

आता भराव. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या प्लॅस्टिक चॉपिंग बोर्डाला ॲसिड लागत नाही, ते करवतीने सहज कापतं आणि पाणी पीत नाही. १० मि.मी. जाडीचे दोन तुकडे डब्याच्या तळाच्या मापाचे, म्हणजे १२५ × ७७ कापा, म्हणजे ते सरकणार नाहीत. खालच्या तुकड्याला भोकासमोर खाच ठेवा. त्यावर ३ मि.मी. रबर, त्यावर बॅटरी, आणि बॅटरी व पट्टा यांच्यामध्ये पुन्हा ३ मि.मी. रबर. बेरीज २६ होते आणि जागा २४ आहे, म्हणजे पट्टा आवळल्यावर सहा मि.मी. रबर दोन मि.मी. दबेल. रबर पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकं दबणं योग्य. त्याहून कमी दबलं तर बॅटरी हलते, फार दबलं तर रबर धक्का घेत नाही.

रुंदीला दोन्ही बाजूंना ३ मि.मी. रबर लावलं की एक मि.मी. मोकळी राहते. ती तशीच राहू द्या, कारण सीलबंद बॅटरी गरम झाल्यावर आणि वय वाढल्यावर थोडी फुगते. लांबीला १२ मि.मी. फरक आहे : एका बाजूला ५ मि.मी. बोर्ड, आणि दोन्हीकडे ३ मि.मी. रबर. रबर ईपीडीएम किंवा निओप्रीन घ्या. तुमच्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे एकावर एक चिकटवूनही चालतील. दोरी म्हणून नापास असलेली ट्यूब चटई म्हणून चांगली आहे. पॅकिंगचा स्पंज नको, तो ॲसिड आणि पाणी धरून ठेवतो. थर्माकोलचा आठवड्यात भुगा होतो.

मूळ पट्टा गंजून पातळ झाला असेल तर २० × २ मि.मी. लोखंडी पट्टीचा नवा करून घ्या आणि त्यावर रबरी स्लीव्ह चढवा. टर्मिनलपासून कुठल्याही बाजूने १५ मि.मी. अंतर राहिलंच पाहिजे. ६ मि.मी.च्या स्टडवर नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हिसक्याने न सुटणारा) लावा, हाताने रबराला टेकवा, मग दोन्हीकडे आळीपाळीने पाव-पाव फेरा. बॅटरी धरून जोरात हलवल्यावर डबाच हलला पाहिजे, बॅटरी नाही. त्यापुढे पाना लावू नका. जास्त आवळलेल्या पट्ट्याखाली झाकणाच्या कडेला बारीक चीर जाते, आणि तिथून गॅस व ओल बाहेर पडत राहते. रबर पहिल्या दिवसांत बसतं, म्हणून वीसेक किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून नट पुन्हा एकदा तपासा.

केबल टायने बांधलेली बॅटरीही अनेक पत्रांत आहे. वायरी बांधायला तो ठीक. दोन-अडीच किलोचं वजन त्याच्यावर सोडू नका. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं आणि एखाद्या गतिरोधकावर टाय तुटतो.

प्रश्न : ६ व्होल्टची जुनी जावा आहे. मूळ काळी बॅटरी मिळत नाही. तिच्या रिकाम्या खोक्यात इमर्जन्सी दिव्याची छोटी बॅटरी लपवून बसवली तर चालेल का? आत कशी पक्की करावी? — वाचक, तासगाव

उत्तर : चालेल, पण कोणती बॅटरी आणि किती अपेक्षा ठेवायची, हे आधी ठरवा. ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची (अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरी ७० × ४७ × १०१ मि.मी. असते. १२ अँपिअर-अवरची १५१ × ५० × ९४. हेडलाइट ३५ वॉट आणि टेललाइट ५ वॉट मिळून ६ व्होल्टवर पावणेसात अँपिअर लागतात, इग्निशन कॉइल वेगळी. डायनॅमो मंद फिरत असताना हा भार बॅटरीवर येतो. ४.५ची एकटी बॅटरी तो भार जेमतेम वीसेक मिनिटं ओढेल. दिवसा फेरफटका आणि रॅली एवढाच वापर असेल तर पुरे. रात्री तासगावहून सांगलीला जायचं असेल तर पुरणार नाही. तिथे अशाच दोन बॅटऱ्या समांतर जोडा. दोन्ही मिळून ७० × ९४ × १०१ जागा घेतात, ती बऱ्याच जुन्या खोक्यांत बसते. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या आणि जोडण्यापूर्वी पूर्ण चार्ज केलेल्या हव्यात.

छोटी बॅटरी मरते ती बहुधा जास्त चार्जिंगने. ४.५च्या बॅटरीला साधारण १.३५ अँपिअरपेक्षा जास्त करंट सोसत नाही आणि डायनॅमो त्याहून बराच जास्त देऊ शकतो. भरलेली बॅटरी जोडून इंजिन मध्यम वेगात ठेवा आणि मीटर लावा. ६.९ ते ७.२ व्होल्ट ठीक. साडेसात दिसले तर आधी रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) जुळवून घ्या, नाहीतर बॅटरी महिन्याभरात फुगून खोक्यात अडकेल.

जुनं खोकं रिकामं करताना ग्राइंडरने कापू नका. शिशाची धूळ श्वासात जाते आणि ती शरीरातून सहज निघत नाही. ॲसिड काढून सोड्याच्या पाण्याने धुतलेलं, प्लेटा आधीच काढलेलं खोकं मिळालं तर वापरा; नाहीतर ३ मि.मी. काळ्या ॲक्रिलिकचं नवं करून घ्या. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी लेझर कटिंग करणारे असं काम करून देतात. जुन्या प्लेटा आणि बॅटरी दुकानदाराकडे परत द्या. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही.

आत बसवताना चारी बाजूंना निओप्रीनच्या उभ्या पट्ट्या लावा, मध्ये हवा खेळू द्या. सिलिकॉन किंवा फोम ओतून खोकं भरू नका. सीलबंद बॅटरीलाही गॅस सोडायची झडप असते, ती बुजली तर खोकंच तडकतं. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला हिरवट गंज आणतं. दोन बॅटऱ्यांच्या मध्येही २ मि.मी. रबर हवं. खोक्याचं झाकण बॅटरीला टेकलेलं असावं, म्हणजे बाहेरचा पट्टा खोक्याबरोबर आतली बॅटरीही धरतो. ही गोष्ट बहुतेकांकडून राहते : खोकं बाहेरून घट्ट, आत बॅटरी मोकळी.

या बॅटऱ्यांचं टर्मिनल म्हणजे ४.८ किंवा ६.३ मि.मी. रुंदीची चपटी पाती. त्याच मापाचं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारा धातूचा जोड, घ्या. मोठं थिंबल चेपून बसवलं तर ते नक्की सुटतं. वायर २.५ चौरस मि.मी.ची, आणि पातीपासून ५ सें.मी.च्या आत ती खोक्याला बांधलेली हवी, म्हणजे वायरचं वजन पातीवर येत नाही. पातीवर सोल्डरचा डाग मारू नका. उष्णतेने मुळाशी असलेलं सील वितळतं.

प्रश्न : बॅटरी घट्ट आहे, पण डब्याखालचा रंग फुगतो आणि चेनवर गंज चढतो. — वाचक, कोरेगाव

उत्तर : पाण्याच्या बॅटरीची ओव्हरफ्लो नळी निसटली आहे, दुमडली आहे किंवा चुकीच्या जागी सुटते आहे. बॅटरीच्या तोंडावर घट्ट बसेल अशी नवी पारदर्शक नळी घ्या, डब्याच्या कोपऱ्यातून रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारं कडं) बसवून बाहेर काढा आणि चेसिसच्या सर्वांत खालच्या नळीच्या आणखी खाली, चेन, सायलेन्सर आणि मागचा ब्रेक यांपासून दूर सोडा. टोक तिरकं कापा, चिखलाने बुजत नाही. डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंतच भरा. घाटातल्या चढावर जास्तीचं पाणी ॲसिड घेऊनच बाहेर येतं.

प्रश्न : बुलेट गतिरोधकावरून गेली की ॲमीटरचा काटा नाचतो, कधी इंजिन क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतं. नवी बॅटरी घेऊ का? — वाचक, इस्लामपूर

उत्तर : घेऊ नका. पॉइंट आणि कॉइलच्या इग्निशनला वीज बॅटरीतून जाते. तिथला एखादा जोड हिसक्याला सुटतो आहे. गाडी स्टँडवर घ्या, इग्निशन आणि हेडलाइट लावा आणि वायरी एकेक करून हाताने हलवा. ज्या जागी दिवा मिचकावतो तिथेच दोष आहे. न मिचकावल्यास मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरं त्याला लावलेल्या थिंबलवर धरा. हेडलाइट चालू असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड खराब.

सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. थिंबलच्या मानेपाशी वायरच्या तारा आतून तुटलेल्या असतात, वरून आवरण साबूत. टर्मिनलच्या खाचेतला चौकोनी नट खाली घसरतो आणि बोल्ट आवळला गेल्यासारखा वाटतो. नटाखाली रबराचा छोटा तुकडा ठेवला की तो वर राहतो. चेसिसचं अर्थिंग, म्हणजे चेसिसला जोडलेल्या वायरचं टोक, रंगावर बसवलेलं असतं. तिथला रंग चकाकेपर्यंत खरवडा, दातेरी वायसर घाला, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा. काचेच्या फ्यूजच्या होल्डरमधली स्प्रिंग मऊ पडलेली असते. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा पातीचा फ्यूज लावला तर हा शेवटचा त्रास कायमचा जातो.

वायर नव्याने टाकताना बॅटरीपाशी बोटभर सैल वळसा ठेवा आणि पुढे दहा सें.मी.च्या आत ती चेसिसला बांधा. ताणलेली वायर प्रत्येक हिसक्याला टर्मिनल ओढते. आणि हा दोष लांबवू नका. चालत्या गाडीत बॅटरी सुटली की चार्जिंगचं व्होल्टेज आवरायला काही उरत नाही, ते उसळतं. आधी बल्ब जातात, मग रेक्टिफायर.

प्रश्न : बॅटरीचा ट्रे कुजून गेला आहे. चेसिसला नवी अँगल वेल्ड करून घ्यावी असं गॅरेजवाले सुचवतात. — वाचक, फलटण

उत्तर : जुन्या चेसिसला वेल्डिंग नको आणि नवं भोकही नको. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली आणि मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. तुमची गाडी आज त्या वयाची नसली तरी उद्या होईल. चेसिस एकदा कापली-जोडली की ती मूळ राहत नाही.

१६ गेज सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याचा ट्रे जुन्याच बोल्टांच्या भोकांवर बेतून वाकवून घ्या. कुजलेला ट्रे नमुना म्हणून द्या आणि परत आणा. कोपरे कापून वाकवण्यापेक्षा दुमडून घेतले तर तिथून चीर जात नाही. तळाला ६ मि.मी.ची दोन भोकं पाडा. बोल्टांना रबरी ग्रोमेट आणि मध्ये छोटी लोखंडी नळी घाला, म्हणजे बोल्ट पूर्ण आवळता येतो आणि रबर चेपून मरत नाही. गाडीवर इतर कुठलंही वेल्डिंग करायचं असेल तरी आधी बॅटरी काढून दूर ठेवा. चार्जिंगच्या वेळी निघालेला हायड्रोजन डब्यात साचलेला असू शकतो, त्याला एक ठिणगी पुरते.

प्रश्न : मिरज स्टेशनबाहेर गाडी लावून रोज रेल्वेने जातो. बॅटरी चोरीला जाण्याची भीती वाटते. — वाचक, मिरज

उत्तर : पट्ट्याच्या दोन नटांपैकी एकाच जागी मध्ये पिन असलेला ॲलन बोल्ट लावा आणि त्याची किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात ठेवा. दोन्हीकडे लावू नका, डोकं तोडून टाकायचे बोल्टही वापरू नका. शॉर्ट होऊन धूर निघाला तर बॅटरी मिनिटभरात सोडवता आली पाहिजे. त्यासाठी अर्थिंगच्या वायरवर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच लावणं चांगलं. बॅटरीच्या बुडाशी तैलरंगाने गाडीचा नंबर लिहा, आणि सिरियल नंबर असलेलं बिल जपून ठेवा. तक्रार नोंदवताना तेच कामाला येतं.

प्रश्न : पुराच्या दिवसांत गाडी वर नेता येत नाही. निदान बॅटरी कशी वाचवावी? — वाचक, सांगली

उत्तर : २०१९ आणि २०२१चा अनुभव पाहता, आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की बॅटरी काढून घ्या. ४५ची धोक्याची पातळी येईपर्यंत थांबू नका, तोवर हाताशी आणखी शंभर कामं असतात. सुटलेल्या दोन्ही थिंबलांवर वेगवेगळी टेप गुंडाळा. पाण्याची बॅटरी उभीच ठेवा, सीलबंद आडवी चालते, उलटी नको. वरच्या मजल्यावर फरशीवर ठेवली तरी हरकत नाही. आजच्या प्लॅस्टिकच्या बॅटऱ्या फरशीमुळे उतरत नाहीत. महिन्यातून एकदा मीटर लावा. १२ व्होल्टची १२.४च्या खाली, ६ व्होल्टची ६.२च्या खाली गेली तर चार्ज करा. करंट अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ५च्या बॅटरीला अर्धा अँपिअर.

पाणी ओसरल्यावर बॅटरी लगेच बसवू नका. डब्यातलं रबर आणि बोर्ड बाहेर काढा, मागचा गाळ धुवा, तळाची भोकं तारेने मोकळी करा, ओव्हरफ्लो नळीत हवा मारा. थिंबल आणि अर्थिंगची जागा पॉलिश पेपरने घासा, फ्यूज होल्डर बदला. फुगलेलं किंवा चिखल मुरलेलं रबर परत घालू नका, नवं कापा. सगळं कोरडं झाल्यावर बॅटरी बसवा, पट्टा आवळा, आणि चेसिसची वायर सर्वांत शेवटी जोडा.